अर्धा रंगवलेला गोल

आमच्याकडं दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली, की पुढचा थांबा यायच्या आत एकमेकांची सोयरीक काढतात. गाव कोणतं, त्या गावात आमची कोण दिलीय, मग ती तुमच्या चुलत मावशीची जाऊच की, असं करत करत शेवटी एकमेकांना जेवायचं आमंत्रण देऊन उतरतात. नाव विचारायची गरजच पडत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांना शहाणपण शिकवणारी बाई आहे मी. तरीही मी जे केलं ते केलं.

माझी धाकटी बहीण जामखेडच्या बाजूला एका खेड्यात दिलेली आहे. तिला दोन लेकरं. थोरली मुलगी, तिच्यावर दहा वर्षांनी मुलगा. मुलगा पाच वर्षांचा असताना चालता चालता पडायला लागला. बसलेला उठताना मांड्यांवर हात टेकवून, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. माझ्या आईनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. कारण माझा थोरला भाऊ असाच उठायचा, आणि तो सतरा वर्षांचा होऊन गेला. आईचा एक भाऊही तसाच गेलेला. घरात त्याला 'पायावरून वारं गेलं' एवढंच म्हणत, आणि विषय बदलत.

आम्ही विषय बदलला नाही. म्हणजे मी बदलू दिला नाही. नगरचे डॉक्टर करण्यात पाच वर्षं गेली, मग पुण्याचं मोठं हॉस्पिटल. तिथं रक्ताच्या तपासणीत आजाराचं नाव कळलं. स्नायूंची ताकद हळूहळू जाते, मुलग्यांना होतो, आईकडून येतो, आणि आईला स्वतःला बहुतेक काहीच होत नाही. बहिणीच्या रक्तात तो दोष निघाला. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी म्याच दिला व्हय त्याला?" तिथल्या सल्लागार बाई उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या, आणि यात कुणाचा गुन्हा नाही हे त्यांनी तिला तीन वेळा, तीन प्रकारे सांगितलं. मला त्या बाई त्या दिवशी फार आवडल्या होत्या.

त्या आजाराचे पेशंट थोडे. एकेका जिल्ह्यात हातावर मोजण्याइतके, म्हणून देशोदेशीचे संशोधक एकमेकांची माहिती जोडून बघतात, असं त्यांनी समजावलं. औषध निघायचं तर त्यातूनच निघणार. त्यांनी बहिणीला एकगठ्ठा सही मागितली नाही. तपासणी करू का, हा एक प्रश्न. रक्त जपून ठेवू का, हा दुसरा. माहिती बाहेरच्या संशोधकांना देऊ का, हा तिसरा. प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही म्हणता येतं, आणि आज हो म्हटलेलं उद्या मागंही घेता येतं. मला एवढं लांबण कशाला असं वाटत होतं. मी बहिणीला म्हणाले, "अगं कर सह्या, मी बसलेय ना."

भाची तेव्हा नुकतीच वीस वर्षांची झाली होती. सल्लागार बाई तिला म्हणाल्या, "तुझ्या आईकडून हा दोष तुझ्याकडं आला असेल किंवा नसेलही. निम्मी निम्मी शक्यता. तपासायचं की नाही हे तू ठरव. दुसऱ्या कुणी नाही." भाची म्हणाली, "मला आत्ता नाही करायची." मी खवळले. एवढ्या लांब आलो, सुई टोचायला किती वेळ लागतो, असं काहीबाही बोलले. भाची नखाकडं बघत राहिली पण बधली नाही. मग बाई माझ्याकडं वळल्या. "ताई, तुमचा भाऊ, तुमची बहीण, त्यावरून तुमच्या आईकडूनच हे आलेलं दिसतं. तुम्हीही करून घेतली तर?" मी घड्याळ बघितलं. म्हटलं, साडेतीनची गाडी चुकेल.

निघताना त्यांनी मला एक काम दिलं. घराण्याचा नकाशा काढून आणायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आकृती पूर्ण भरायची, गेला असेल तर वरून तिरपी रेघ. नावं लिहायची नाहीत. काम मिळालं की मला हुरूप येतो, आणि काम आखीवरेखीव असलं की विचारायलाच नको.

पुढच्या रविवारी बहिणीच्या ओट्यावर कार्डशीट अंथरलं. आई आणि तिच्या दोन जुळ्या बहिणी समोर बसवल्या. त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. चौकटी काळ्या स्केचपेननं, आजारी माणसं लाल, दोष निघालेली बहीणही पूर्ण लाल. नावं नकोत म्हणून मी प्रत्येकाखाली नातं लिहिलं, माझ्या शाळेच्या सुवाच्य अक्षरात. 'थोरला, सतराव्या वर्षी गेला.' 'जुळ्या.' 'फौजेतला भाऊ, धडधाकट.' 'धाकटी, जामखेडकडं दिलेली.' नाव एकही नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं, की बघा, नियम कसा पाळला.

भाचीच्या गोलाशी आले आणि थांबले. कोरा ठेवावा तर काम अर्धवट दिसणार. निम्मी निम्मी शक्यता, असं बाई म्हणाल्या होत्या. मी पट्टी ठेवून गोल मधोमध कापला आणि त्याची डावी बाजू लालभडक भरली. फार नेटकं दिसलं.

मग वाटलं, कुणी राहायला नको. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर किती विसंबायचं? म्हणून मी त्या कार्डशीटचा मोबाईलवर फोटो काढला आणि आमच्या माहेरच्या माणसांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कुठं चूक असेल तर सांगावे.' कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. फौजेतल्या भावानं लिहिलं, 'एक नंबर काम, ताई.' मूळ कागद मी पुण्याला नेऊन दिला आणि सगळं विसरून गेले.

तीन वर्षं गेली. भाचा आता खुर्चीत असतो, पण डोकं त्याचं तल्लख, मोबाईलवर सगळ्या घराची कामं तोच करतो. माझ्या एकुलत्या एका मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं, तिला दिवस राहिले, आणि मी आजी होणार म्हणून हवेत होते. अशात भाचीचं जमलं. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, माणसं साधी, भावाच्या आजाराचं आधीच सांगितलेलं होतं. मुलगा भाचीला म्हणाला होता, "तुझ्या भावाला आपल्याकडं आणायला दाराशी उतार करून घेऊ." एवढ्या एका वाक्यावर माझी बहीण दोन दिवस रडत होती, आनंदानं.

भाचीचा चेहरा मी तेव्हा बघितला होता. ती जामखेडला औषधाच्या दुकानात कामाला जाते, गप्प मुलगी, पण त्या महिन्यात गाणी गुणगुणायची. हे लग्न तिला मनापासून हवं होतं.

सुपारी फुटायच्या दोन दिवस आधी, सकाळी मी शाळेत हजेरी घेत असताना मध्यस्थांचा फोन आला. हे आमच्या नात्यातले एक लांबचे मामा, गावोगावच्या सोयरिकी जमवणारे.

"बाई, जरा बाजूला येऊन बोला," ते म्हणाले. "त्यांनी न्हाई म्हनून सांगितलंय."

मी व्हरांड्यात आले. "नाही म्हणजे?"

"त्येंच्याकडं तुमच्या घरान्याचा नकाशा आलाय मोबाईलवर. त्यात मुलीवर लाल खून हाय. त्ये म्हन्त्यात, भावाचं सांगितलं, पर मुलीत बी दोष हाय ह्ये लपवून ठिवलं."

व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले. वर्गात पोरं 'हजर बाई, हजर बाई' असं आपापसांत चिडवत होती, तो आवाज लांबून कुठून तरी येत होता. मामा पुढं काही सांगायला बघत होते. "बाई, ऐका तर, त्यो फोटू..."

मी ऐकून घेतलं नाही. फोटो! म्हणजे हॉस्पिटलानं आमची माहिती फोडली. दुसरं काय? ग्रुपवर टाकलेलं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तीन प्रश्न, तीन सह्या, तो सगळा गोडवा आठवला आणि माझं डोकं भणाणलं. बहिणीला फोन करून पुण्याला जाऊन जाब विचारते म्हटलं, तर ती नुसती हुंदके देत होती. मागून भाचीचा आवाज आला, "आई, मावशीला म्हणावं पुण्याला जाऊ नको." मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

गाडीत मी अर्ज लिहिला. आमच्या मुलाची सगळी माहिती काढून टाका, रक्त नष्ट करा, आमचा तुमच्या संशोधनाशी संबंध संपला. चार पानं भरली.

सल्लागार बाई त्याच होत्या, केस जरा पिकलेले. त्यांच्या खोलीत मी काय काय बोलले ते इथं लिहायची मला लाज वाटते. बाहेर बाकावर बसलेली माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती. गरिबाच्या लेकरांचं रक्त घेता आणि गावात दवंडी पिटता, हे त्यातल्या त्यात सौम्य वाक्य. मी दमून बसले तेव्हा बाईंनी पाणी पुढं केलं.

मग अर्ज वाचून म्हणाल्या, "माहिती मागं घ्यायचा हक्क आहे. पण तो तुमच्या बहिणीचा आहे, आणि आता मुलगा मोठा झालाय, तर त्यालाही विचारायला हवं. तुम्ही त्यांच्या वतीनं नाही करू शकत." मी पुन्हा भडकणार होते. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. "आम्ही बाहेर काय दिलं ते आधी बघा."

मला त्यात आमचं घर सापडेना. गोल नाहीत, चौकोन नाहीत, सगळी माणसं शंकरपाळ्यांसारखी. बाई कोण, बाप्या कोण, कळायला मार्ग नाही. भावंडांचा क्रम फिरवलेला. जुळ्या मावश्या गायब. जिल्हा नाही, तालुका नाही. वयं मोघम. त्या म्हणाल्या, "हेही कुणालाही मिळत नाही. कोण मागतं, कशासाठी मागतं, हे एक समिती बघते. तुमच्याकडं नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर एवढी उठाठेव."

"मग ती लाल खूण?" मी म्हणाले. "अर्धा लाल गोल कुठून आला?"

त्या म्हणाल्या, "आमच्याकडं लाल रंगच नाही. आणि तुमच्या भाचीनं तपासणी केलेली नाही. तिच्यावर आम्ही कसलीच खूण ठेवू शकत नाही."

त्यांनी उठून कपाट उघडलं आणि एका जाड पाकिटातून घडी घातलेलं कार्डशीट काढून टेबलावर पसरलं. माझं अक्षर. माझी पट्टीनं मारलेली रेघ. भाचीच्या गोलाशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तपासणी नाही. खूण ग्राह्य धरू नये.'

"अर्धा भरलेला गोल म्हणजे दोष आहे असं सिद्ध झालेली बाई," त्या हळू म्हणाल्या. "शक्यता निम्मी म्हणून अर्धा नव्हे. माहीत नसेल तर गोल कोरा ठेवतात. हे मी तुम्हाला त्या दिवशीच नीट सांगायला हवं होतं."

तरी माझं तोंड थांबेना. "मग तुमच्या कपाटातूनच गेला ना हा कागद!"

"त्यांच्याकडं आलेला फोटो तुम्ही पाहिलात का?"

नव्हता पाहिला. मी तिथूनच मामांना फोन लावला. ते म्हणाले, "म्या तवाच सांगत हुतो बाई, पर तुमी फोनच ठिवला." आणि त्यांनी फोटो धाडला. वर लिहिलेलं होतं, अनेक वेळा फॉरवर्ड केलेला.

फोटोत बहिणीच्या ओट्याची फरशी होती. कार्डशीटचा एक कोपरा वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणीतरी दाबून धरला होता. तो हात माझा होता. मनगटावर माझं घड्याळ, दोन हिरव्या बांगड्या, बोटाला स्केचपेनाचा लाल डाग.

मी त्या हाताकडं बघतच राहिले. त्याच हातात आता मोबाईल होता. माझा विश्वास बसेना. दोनदा मोठा करून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा निघेल. ग्रुपवरच्या कुठल्या चुलत वहिनीनं कुठल्या भावाला, त्यानं कुठल्या वधूवर ग्रुपवर, हे पुढं कुणाला कळणार होतं आणि कळून काय होणार होतं? तीन वर्षं तो फोटो आमच्या तालुक्यात, शेजारच्या तालुक्यात फिरत होता, आणि आमच्या माणसांना त्यातल्या जुळ्या आणि फौजेतला भाऊ एवढंच पुरेसं होतं. भाचीची आधीची दोन स्थळंही कारण न सांगता फिरली होती. मला तेव्हा त्या लोकांचा राग आला होता.

मी सल्लागार बाईंची माफी मागितली की नाही, खरंच आठवत नाही. अर्जाची चार पानं मात्र मी त्यांच्या टेबलावरून उचलून पिशवीत कोंबली हे आठवतं.

तिथून घरी न जाता मी तशीच बहिणीकडं गेले. पोचले तेव्हा दिवस कलला होता. बहीण गोठ्यात, भाचा आतल्या खोलीत. भाची ओट्यावर, बरोबर त्याच जागी, सुपात दाण्यांतले खडे निवडत बसली होती. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. तिच्यासमोर बसले आणि एवढंच निघालं, "तो फोटो माझा आहे गं."

"माहितीय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्या मोबाईलवर बघितला. वर्ष झालं." तिची बोटं खडे निवडतच होती. "तूच मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलीस मावशी. तुझा 'थ' मला कळणार नाही?"

वर्ष झालं! वर्षभर ही मुलगी मला दिवाळीला ओवाळत होती, माझ्या मुलीच्या लग्नात कमरेला पदर खोचून राबत होती. "मग बोलली का नाहीस? शिव्या का नाही घातल्यास?"

"पुण्यात मी तपासणी नको म्हणाले होते," ती म्हणाली. "माझ्यात दोष आहे का नाही, ते मला माझ्या वेळेला बघायचं होतं. लग्न ठरलं की दोघांनी जाऊन तपासणी करायची, असं त्याचं-माझं बोलणं झालं होतं. ते माझं होतं मावशी. तू पट्टी लावून भरून टाकलंस."

आतून भाच्याचा आवाज आला. "मावशी, माझी माहिती काढायची न्हाई हां. राहू दे तिथं. त्येंनी काय केलं न्हाई." मी हो म्हणाले. तो ऐकतोय हेही मला माहीत नव्हतं.

मी भाचीचा हात धरायला गेले. तिनं सूप बाजूला सरकवलं, पण हात दिला नाही. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ.

"एक विचारू? रागानं नाही विचारत."

"विचार."

"आजीकडून आईला आलं. तर तुला पण निम्मी शक्यता होती ना? बाई तुलाच म्हणाल्या होत्या, माझ्यासमोर. मग तुझा गोल कोरा का ठेवलास? ताईचा पण कोराच."

ताई म्हणजे माझी मुलगी.

मी मोबाईल काढला. फोटो उघडला. माझ्या बहिणीचा गोल पूर्ण लाल, भाचीचा अर्धा लाल. शेजारी माझा गोल, काळ्या रेघेचा, स्वच्छ, आत काही नाही. त्याच्याखाली मुलीचा, तसाच. मी ते दोन गोल कोरे ठेवायचं ठरवलं नव्हतं. लाल पेन हातात असताना ते दोन गोल मला दिसलेच नव्हते. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण हे तर जास्तच वाईट होतं.

तेवढ्यात हातातला मोबाईल वाजला. मुलीचा फोन होता. तिला पाचवा महिना चालू होता, आणि कालच तिनं कैऱ्या आणायला सांगितल्या होत्या.

"आई, ऐक ना," ती हसत म्हणाली, "बाळ पहिल्यांदा हललं आत्ता. तुझी शप्पथ, पाय मारला त्यानं."

भाचीला ते ऐकू गेलं असणार, कारण तिनं मान खाली घातली आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"आई? ऐकू येतंय का?"